ग्रॅमीची दुपार

युनियन स्टेशनवरून ए लाइनची मेट्रो पकडली की पाचवं स्टेशन पिको. तिकीट पावणेदोन डॉलर. बाहेर पडून थोडं चाललं की क्रिप्टो डॉट कॉम अरीनाची अवाढव्य इमारत समोर येते. सोबतचे सगळे तिचे फोटो काढायला लागले. साहजिकच आहे, टीव्हीवर दिसणारा ग्रॅमीचा झगमगाट इथलाच. माझी नजर मात्र रस्त्यापलीकडच्या पीकॉक थिएटरवर होती. लॉस एंजेलिसला आले होते ती त्याच्यासाठी.

५ फेब्रुवारी २०२४. भारतात रात्रीचे दोन, इथे आदल्या दिवशीची दुपार. घर झोपलेलं, आणि मी इअरफोन लावून याच थिएटरातला सोहळा बघत होते. ग्रॅमीचे बहुतेक पुरस्कार संध्याकाळच्या कार्यक्रमात दिलेच जात नाहीत, ते दुपारच्या या सत्रात देतात. त्या वर्षी विभाग होते ९४, आणि टीव्हीवर त्यांतले जेमतेम दहाएक. शास्त्रीय संगीत, जॅझ, ध्वनिमुद्रण करणारे अभियंते, वाद्यमेळ बांधणारे, अल्बमबरोबरची टिपणं लिहिणारे, सगळ्यांची दुपारीच वर्णी लागते. संगीत घडवणारी माणसं बघायची असतील तर दुपारचंच सत्र बघावं, असं माझं ठाम मत आहे.

त्या दुपारी ग्लोबल म्युझिक अल्बमचा पुरस्कार ‘शक्ती’ला मिळाला. झाकीर हुसेन, शंकर महादेवन, गणेश राजगोपालन आणि सेल्वगणेश विनायकराम मंचावर आले आणि मी अंधारात एकटीच टाळ्या वाजवल्या. महादेवन यांनी पुरस्कार पत्नीला अर्पण केला. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या या समूहाचा पंचेचाळीसहून अधिक वर्षांनंतरचा हा पहिला स्टुडिओ अल्बम. सत्तरच्या दशकातल्या ‘शक्ती’त घटम वाजवायचे ते विक्कू विनायकराम, म्हणजे सेल्वगणेश यांचे वडील. ज्या मेळात बाप वाजवत होता त्याच मेळात लेकाला ग्रॅमी! झाकीरभाईंना त्या दिवशी एकूण तीन पुरस्कार मिळाले. त्यांतल्या दोहोंमध्ये बासरीवाले राकेश चौरसियाही होते.

थिएटरची दारं बंद होती. काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. रिकामी लॉबी, बाकी काही नाही. तरी बराच वेळ तिथून पाय निघेना.

या आवाराच्या पदपथांत काशाच्या तबकड्या बसवल्या आहेत. वर्षावर्षाच्या मोठ्या विजेत्यांची नावं त्यांवर कोरलेली. लोक त्यांच्यावरून कॉफीचे पेले घेऊन निघून जातात, मी मान खाली घालून वाचत चालले होते. पहिला सोहळा ४ मे १९५९ चा, आणि त्या वर्षीचं सर्वोत्तम ध्वनिमुद्रण ठरलं होतं दोमेनिको मोदुन्यो यांचं इटालियन गाणं. अमेरिकेच्या संगीतव्यवसायाने पहिलाच मोठा मान परभाषेतल्या गाण्याला दिला, हे वाचून मन भरून आलं. पुढे २००३ च्या तबकडीशी थांबले. नोरा जोन्स. १९६८ साली व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्याबरोबरच्या अल्बमसाठी ग्रॅमी मिळवणाऱ्या रविशंकरांची ही मुलगी.

ग्रॅमी संग्रहालय तिथेच आहे, २००८ च्या डिसेंबरात उघडलेलं. खूप काही आहे, पण मी रेंगाळले ग्रामोफोनच्या आकाराच्या त्या सोनेरी ट्रॉफीपाशी. कोलोरॅडोतल्या रिजवे या छोट्या गावात जॉन बिलिंग्ज यांच्या कारखान्यात ती हाताने घडवतात. टीव्हीवरच्या मंचावर हातात देतात ती फक्त तेवढ्यापुरती. विजेते आधी ठाऊक नसतात, त्यामुळे नाव कोरलेली खरी ट्रॉफी मागाहून घरी जाते.

झाकीरभाईंच्या तिन्ही ट्रॉफी अशाच मागाहून पोचल्या असतील. त्याच वर्षी १५ डिसेंबरला ते गेले, याच राज्यातल्या सॅन फ्रान्सिस्कोत. त्या रात्री दोन वाजता पडद्यावर पाहिलेलं त्यांचं हसू माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

परतीच्या मेट्रोत तोच अल्बम लावला. युनियन स्टेशन आलं तेव्हा दुसरी रचना अर्ध्यावर होती. फलाटावरच्या बाकावर बसून ती पूर्ण ऐकली.