मसाई माराला निघताना पैशांची वाटणी

जंगलात पैसे कसे लागतात, हे नागपूरच्या माणसाला सांगावे लागत नाही. ताडोबाचे प्रवेशशुल्क आधीच ऑनलाइन भरलेले असते, गाइड आणि जिप्सीचे काय ते ठरलेले असते आणि वाघ दिसला की बक्षिशीची नोट आपोआप मोठी होते. याच अनुभवाच्या बळावर गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे आणि साडूभाऊंचे कुटुंब असे चौघे केनियाला गेलो, आणि एकूण रकमेचा हिशेब चोख असूनही ती कोणत्या रूपात न्यायची या प्रश्नावर आमची पंचाईत झाली.

सर्वांत मोठा खर्च तंबूचा किंवा जेवणाचा नसून प्रवेशशुल्काचा असतो. मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्रात परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून या काळात दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये 200 डॉलर द्यावे लागतात. आमच्या चौघांचे तीन दिवसांचेच 2,400 डॉलर झाले. म्हणून सहल आखणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की, हे शुल्क सांगितलेल्या दरात धरले आहे की नाही, आणि उत्तर लेखी घ्यावे. मारा नारोक जिल्ह्याच्या प्रशासनाकडे आहे. नाकुरूसारखी उद्याने मात्र केनिया वन्यजीव सेवेची आहेत आणि तेथे फाटकावर रोख रक्कम घेतलीच जात नाही. एका सहलीत दोन्ही ठिकाणी जाणार असाल, तर दोन्ही शुल्के निघण्यापूर्वीच भरून टाकलेली बरी.

रोख रकमेकडे वळू. नागपुरात आम्हाला केनियन शिलिंग मिळाले नाहीत, त्यामुळे डॉलर घ्यावे लागले. पासपोर्ट, पॅन आणि तिकीट दाखवले की ते मिळतात. मात्र एका प्रवासासाठी नोटांच्या रूपात 3,000 डॉलरपर्यंतच नेता येतात, आणि 50,000 रुपयांपुढची किंमत रोख न देता बँकेमार्फत द्यावी लागते. हे सारे नियमाप्रमाणे झाले. चूक झाली ती काउंटरवर नोटा फक्त मोजण्यात. त्या निरखून पाहण्याचे आम्हाला सुचलेच नाही. त्या थप्पीत शंभराच्या दोन नोटा जुन्या मालिकेच्या निघाल्या आणि तिसऱ्या एका नोटेवर कोणीतरी पेनाने आकडा लिहिलेला होता. नैरोबीत त्या तिन्ही नोटा शांतपणे परत सरकवण्यात आल्या. अमेरिकेत 1861 पासूनचे चलन आजही कायदेशीर आहे, हा युक्तिवाद साडूभाऊंनी मोठ्या तळमळीने मांडला. समोरचा माणूस हसला आणि त्याने पुढच्या ग्राहकाला बोलावले. पूर्व आफ्रिकेत बनावट नोटांच्या धास्तीने 2006 पूर्वीचे डॉलर सहसा नाकारले जातात, शिवाय फाटकी, डागाळलेली किंवा शिक्का मारलेली नोटही चालत नाही. म्हणून शंभराची नोट निळी पट्टी असलेली, म्हणजे ऑक्टोबर 2013 पासून चलनात आलेल्या रचनेचीच मागावी, आणि आपल्याकडची मळकी नोट दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याची सवय येथे उपयोगाची नाही, हे ध्यानात ठेवावे.

मूल्यांची वाटणीही विचारपूर्वक करावी लागते. शिलिंग करून घ्यायचे असतील तर पन्नास आणि शंभराच्या नोटांना चांगला दर मिळतो, पाच-दहाच्या नोटांना कमी. पण बक्षिशी द्यायला त्याच पाच-दहाच्या नोटा हव्या असतात, कारण रानात शंभराची मोड कोणीही देत नाही. आम्ही चौघांनी मिळून चालकाला रोज वीस डॉलर दिले आणि कॅम्पच्या इतर कामगारांसाठी तेथील सामाईक पेटीत वेगळे टाकले. पाणी, फळे आणि रस्त्यावरची किरकोळ खरेदी मात्र शिलिंगमध्येच करावी. माराला जाताना नारोक हे शेवटचे मोठे गाव लागते. एटीएमचे काम तेथेच उरकावे.

कार्डाच्या बाबतीत दोन गोष्टी सांगतो. परदेशातील वापर बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून घ्यावा लागतो, हे माझ्या पत्नीला आठवले म्हणून बरे झाले. दुसरे असे की, यंत्र ‘रुपयांत की शिलिंगमध्ये’ असे विचारते तेव्हा शिलिंगच निवडावे. रुपये निवडले की चलनबदलाचा दर तो दुकानदार आणि त्याची बँक ठरवतात आणि तो आपल्या सोयीचा क्वचितच असतो. आपल्याकडच्या प्रीपेड फॉरेक्स कार्डांत शिलिंग बहुधा नसतात, त्यामुळे डॉलर भरलेल्या कार्डावरही वेगळे रूपांतर शुल्क लागते. शिवाय कॅम्पमधील यंत्र नेटवर्कच्या मर्जीवर चालते.

स्थानिक लोक मात्र या सगळ्यापासून मुक्त आहेत. 2007 मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेवर भाजीवालीपासून चालकापर्यंत सर्वांचा व्यवहार चालतो. स्वाहिलीतला ‘पेसा’ म्हणजे आपलाच पैसा, हे कळल्यावर आम्हाला उगाच आपलेपणा वाटला. 1920 पर्यंत त्या भागात रुपया हेच चलन होते, हे तर आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

सहल कंपनीने घेतलेला टीसीएस, म्हणजे सहलीच्या रकमेवर आगाऊ गोळा केलेला कर, हा बुडालेला खर्च नव्हे. तो आपल्या वार्षिक कर-तपशिलात दिसतो आणि विवरणपत्र भरताना करात वळता होतो. उरलेले डॉलर 180 दिवसांच्या आत परत करायचे असतात, पण 2,000 डॉलरपर्यंत जवळ ठेवण्याची मुभा आहे. आमचे साठ उरले, ते पाकिटात तसेच ठेवले आहेत. नाणी कोणी बदलून देत नाही, म्हणून तीही घरी आली. वीसच्या नाण्यावर हत्ती, दहाच्या नाण्यावर सिंह आणि पाचच्या नाण्यावर गेंडा आहे. हत्ती आणि सिंह भरपूर दिसले. गेंडा आम्हाला तेवढाच पाहायला मिळाला.