सायकलच्या इंजिनाचं क्लच बेअरिंग बदललं, पण खरा जीव काढला तो हबने

ह्या इंजिनाबद्दल जिथे जिथे माहिती शोधली तिथे एकच ओळ सापडली, "क्लच हब काढा आणि बेअरिंग बदला." बस्स. हब (क्लचचा शाफ्टवर घट्ट बसलेला मधला भाग) निघतो कसा, अडकला तर काय करायचं, त्यात कशाची वाट लागू शकते, ह्यावर कोणी अवाक्षर लिहीत नाही. मला ह्याचाच राग आहे आणि अजून गेलेला नाही. बेअरिंग बदलणं हे काम खरंच सोपं आहे, हब काढणं अजिबात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

इंजिन म्हणजे ते फ्रेमच्या त्रिकोणात बसणारं छोटं टू-स्ट्रोक, डावीकडे स्प्रॉकेट आणि चेन, उजवीकडे कव्हरच्या आत क्लच. आधी आवाज नेमका कुठून येतोय ते बघा, कारण आत बेअरिंग म्हणावं अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लचचा मोठा गिअर हबवर सुट्या छर्‍यांवर फिरतो, त्यांना पिंजरा वगैरे नसतो. आणि हब ज्या शाफ्टवर बसलाय त्या शाफ्टची स्वतःची बेअरिंग इंजिनाच्या बॉडीत असतात. क्लचचा लिव्हर सोडलेला असताना गिअर आणि हब एकत्रच फिरतात, म्हणजे छर्‍यांना काही काम नसतं. सायकल उभी, इंजिन चालू आणि क्लच दाबलेला, तेव्हा हब थांबतो आणि गिअर एकटा गरगरतो, घरघर फक्त तेव्हाच येत असेल तर छर्रे गेलेत. आता इंजिन बंद करा, क्लचचा लिव्हर दाबून लॉक करा आणि सायकल नुसती ढकला. आता चेनमुळे शाफ्ट फिरतोय आणि गिअर जागेवर आहे, म्हणजे छर्रेही फिरतायत, त्यामुळे आधी आवाज नव्हता आणि फक्त आताच घरघर आली तर शाफ्टचं बेअरिंग. माझ्याकडे दोन्ही वेळा आवाज होता. चेन उतरवून डावीकडचं स्प्रॉकेट हाताने वरखाली हलवलं तर चक्क खटखट लागत होतं, मग शंकाच उरली नाही.

पण थांबा, चेन कायमची उतरवायच्या आधी एक काम करून घ्या. चेन चढलेली असताना मागचा ब्रेक दाबून धरला की शाफ्ट फिरत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूचे नट तेव्हाच ढिले करायचे. चेन काढून बसलात की शाफ्ट धरायला काही राहत नाही आणि मग लोक गिअरच्या दातात स्क्रूड्रायव्हर अडकवतात आणि दात तोडतात.

उजवं कव्हर, फुलासारखा नट आणि त्याला अडवणारा बारीक स्क्रू, प्रेशर प्लेट, पॅड, हे सगळं पटापट निघालं. कव्हरचे स्क्रू मऊ असतात, बरोब्बर मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर डोकं गेलंच. पॅड कुठल्या भोकातलं कुठलं ते खुणा करून कागदावर मांडून ठेवली.

आणि मग हब.

हब टेपर शाफ्टवर चावीसकट (चावी म्हणजे खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा) बसलेला असतो. टेपर म्हणजे निमुळता, जितका घट्ट आवळला जातो तितका तो शाफ्टला धरतो आणि वर्षानुवर्षं तापून गार होऊन तो अक्षरशः चिकटलेला असतो. काढायला किटबरोबर छोटा पुलर मिळतो. त्याची बॉडी हबच्या आट्यांत फिरवून बसवायची आणि मधला बोल्ट आवळत न्यायचा, बोल्ट शाफ्टला ढकलतो, हब बाहेर येतो. कागदावर एवढंच आहे. प्रत्यक्षात हबचे आटे मऊ, पुलरचे आटेही काही फार चांगले नाहीत आणि सगळा जोर त्या मोजक्या आट्यांवर. आटे गेले की हा पुलर निकामी, मग हब कापून काढायची वेळ येऊ शकते.

मी बोल्ट आवळला, हब ढिम्म. आणखी आवळला, तरी ढिम्म. पाना हातात वाकेल की काय असं वाटायला लागलं, त्या क्षणी थांबलो आणि पुलर परत बाहेर काढला, आणि ते थांबलो म्हणूनच आज हब शाबूत आहे ह्याचा मला अभिमान आहे. कारण नीट बघितलं तर पुलर आत दोन-तीन आटेच गेला होता. मधल्या बोल्टचं टोक बॉडीच्या बाहेर जरासं डोकावत होतं, ते आधीच शाफ्टला टेकत होतं, त्यामुळे बॉडी पुढे जायची थांबली आणि हाताला मात्र असं वाटतं की पुलर पूर्ण बसला, घट्ट लागतोय. ह्याच अवस्थेत लोक जोर लावतात आणि आटे सोलून काढतात. म्हणजे जी गोष्ट सूचनेत पहिल्या ओळीत ठळक अक्षरात पाहिजे ती कुठेच नाही! मधला बोल्ट पूर्ण मागे घ्या, टोक बॉडीच्या आत गेलं पाहिजे, मग बॉडी हाताने फिरवत तळापर्यंत न्या, शेवटी पान्याने थोडी आवळा आणि त्यानंतरच बोल्टला हात लावा.

त्याआधी हबचे आटे साफ करा. पॅडची काळी भुकटी आणि जुनं ग्रीस मिळून तिथे कडक थर बसतो, मी तो टाचणीने आट्याआट्यातून खरवडला आणि जुन्या टूथब्रशने पेट्रोल न लावता कोरडाच झाडला. आतून खरवडून निघालेलं ते काळं चिकट बघितल्यावर कळलं पुलर आत न जायचं हे दुसरं कारण होतं.

एवढं करूनही हब लगेच आला नाही. बोल्ट चांगला ताणात आवळला, गंज सोडवायचं तेल शाफ्टच्या कडेने सोडलं आणि तसाच ठेवून दिला. मधूनमधून जाऊन बोल्ट थोडासा आवळायचा आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा एक छोटा, सरळ, टणक ठोका. मोठा घाव नाही. धक्क्याने टेपरची पकड सुटते, नुसत्या जोराने आटे जातात. हबच्या कडेवर बाहेरून ठोकायचा मोह फार होतो, तो आवरा, कड तुटते आणि शाफ्टही वाकतो. दिवस गेला तरी काही नाही, मग तेल पुसून काढून हीट गनने हब गरम केला, फक्त हब, शाफ्ट नाही, आणि मागचं रबरी ऑइल सील जळू नये म्हणून साधारण १०० अंशांच्या पुढे नाही. उघडी ज्योत तर नकोच, वर पेट्रोलची टाकी आहे, मी टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही आधी उतरवून लांब ठेवले होते. गरम असतानाच बोल्ट पाव फेरा, एक ठोका, आणि "टक्क" असा कोरडा आवाज. पहिल्यांदा वाटलं तुटलं काहीतरी. बघतो तर हब सुटलेला. मी तिथेच जमिनीवर बसलो, इतकं हलकं वाटलं.

हब येताना छर्रे सांडतात, खाली कापड पसरून ठेवा, नाहीतर घरभर शोधत बसाल. माझ्या छर्‍यांवर खड्डे पडलेले होते, दोन-चार तर निळे पडलेले, म्हणजे कोरडे फिरून तापलेले. ह्या इंजिनात क्लचची बाजू कोरडी असते, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल तिथे पोचत नाही, जे काही ग्रीस आपण लावू तेवढंच. पण हात सैल सोडून थापू नका, उडून पॅडवर गेलं की क्लच घसरतो. छर्रे बदलताना सगळे एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका.

पुश रॉड (लिव्हर दाबला की क्लच सोडवणारी, शाफ्टच्या आतली सळई) आणि तिच्या टोकाची स्टीलची गोळी मी पुलर लावायच्या आधीच काढून ठेवली होती हे सांगायचं राहिलं. शाफ्ट पोकळ आहे, रॉड आत राहिली तर बोल्टचा दाब तिच्यावर जाऊ शकतो. डावं कव्हर काढताना ती गोळी गुपचूप पडते, लक्ष ठेवा.

डावीकडचं स्प्रॉकेटही त्याच पुलरने आणि त्याच पद्धतीने, ते मात्र पहिल्या झटक्यात आलं. बेअरिंग घेताना बाजूवरचा नंबर वाचून घ्या, फक्त बाहेरचं माप घेऊन जाऊ नका. ६२०२ आणि ६००३ दोन्हींचा बाहेरचा व्यास ३५ मिमी, पण पहिल्याचं भोक १५ मिमी आणि रुंदी ११, दुसर्‍याचं भोक १७ आणि रुंदी १०. मला "हेच बसतं सगळ्यांना" म्हणून चुकीचं पुढे केलं होतं, नंबर दाखवला तेव्हा बदलून दिलं. जागा कोरडी म्हणून दोन्हीकडे रबर सील असलेलं, म्हणजे २आरएस घेतलं.

बसवायला बॉडी गरम करा, बेअरिंग नाही. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, ३५ मिमीचं भोक ८० अंशांनी तापवलं तर साधारण ०.०६ मिमी मोठं होतं आणि तेवढ्यात बेअरिंग हाताच्या दाबाने सरकतं. ठोकावंच लागलं तर बॉडीत घालताना फक्त बाहेरच्या कड्यावर, शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या कड्यावर. उलट केलंत तर नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. टेपर मात्र कोरडा आणि स्वच्छ ठेवा, आणि चावी खाचेत सपाट बसली आहे ना ते हब सरकवताना डोळ्याने बघा.

आता आवाज गेलाय, क्लच दाबला की फक्त इंजिनाचा आवाज. चेन पहिल्यापेक्षा ढिली ठेवलीय, मधोमध दाबली की १२-१५ मिमी खाली जाईल इतकी, कारण ताणलेली चेन डावं बेअरिंग सतत ओढत राहते. लिव्हरलाही थोडी मोकळीक हवी. आणि कुठे जास्त वेळ थांबायचं असेल तर क्लच लॉक करून इंजिन चालू ठेवू नका, सरळ बंद करा, कारण तेवढा सगळा वेळ ते छर्रेच झिजत असतात.