स्केटबोर्डिंगचे बूट आणि आठ नंबरचा घोळ

आठ नंबर मागवला, आठ नंबरच आला, तरी अंगठा दुमडल्याशिवाय पाय आत जाईना. मला यूकेचा आठ हवा होता. ऑनलाइन दुकानाच्या पानावर नुसतं ‘८’ लिहिलेलं होतं आणि आलेला बूट होता यूएसचा आठ, म्हणजे यूकेचा सात. जीभ उलटून आतलं लेबल वाचलं तेव्हा कळलं: यूएस ८, यूके ७, सेंटिमीटर २६. मला २७ लागतो. दोन्ही पद्धतींत एक पूर्ण नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जवळपास साडेआठ मिलिमीटर. ऐकायला एवढंसं, पण फळीवर उडी मारून खाली येताना तेवढ्यातच नख काळंनिळं होतं.

बाकी निवड झटकन झाली होती. वरचा भाग स्वेडचा, म्हणजे मऊ लवदार चामड्याचा, कारण आधीची कॅनव्हासची जोडी ग्रिप टेपने, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या सँडपेपरसारख्या खरखरीत पट्टीने, महिन्याभरात फाडली होती. सोल व्हल्कनाइज्ड, म्हणजे तापवून वरच्या भागाला जोडलेल्या रबराचा, पातळ, त्यामुळे फळी पायाखाली कळते. उंच पायऱ्यांवरून उड्या मारणाऱ्याने मात्र कपसोल, म्हणजे वाटीसारखा जाड सोल घ्यावा, टाचेला मार कमी बसतो.

अडकलो ते बदलून घेताना. पहिलं उत्तर आलं, ‘तुम्ही आठ मागवला, आम्ही आठ पाठवला.’ मी लेबलचा फोटो पाठवला. मग खोक्याचा फोटो मागितला. तो दिला, तर सोलचा मागितला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी गोष्ट पहिल्यापासून. पानावर यूएस की यूके हे लिहिलेलं नाही, एवढंच मी सांगत होतो आणि त्या एका मुद्द्याला कोणी हात लावत नव्हतं. नवा बूट दाराशी खोक्यात पडून आणि मी धावायच्या बुटांत ऑलीचा, म्हणजे हात न लावता फळीसकट मारायच्या उडीचा, सराव करतोय. त्यांचा जाड फोम इतका दबतो की फळीची कडा पायाला लागतच नाही. शिवाय जाळीचं कापड करंगळीपाशी चार दिवसांत उसवलं. सोळाव्या दिवशी फोनवरच्या एका बाईंनी मला थांबवून विचारलं, ‘लेबलवर सेंटिमीटर किती आहे?’ दोन मिनिटांत काम झालं. त्या बाईंचे मी मनापासून आभार मानले, पण सोळा दिवसांचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगतो, नंबर विचारूच नका, सेंटिमीटर विचारा. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हा मोजे घालून कागदावर उभं राहा, पेन्सिल सरळ उभी धरून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत खूण करा. दोन्ही पाय मोजा. माझा उजवा चार मिलिमीटर मोठा निघाला. मोठ्या पायाचं माप धरा. आणि बूट घरातच, सतरंजीवर घालून पाहा. माझा सोल कोरा होता म्हणूनच बदली मिळाली.

अजून एक राहिलं. टाचेभोवतीची गादी दाबून बघा. १९७६ साली व्हॅन्स या बूट कंपनीचा ‘एरा’ हा बूट टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या स्केटरांच्या सल्ल्याने घडला, तेव्हा घोट्याभोवतीची ही गादी आली. ती सैल असेल तर फळी फिरवताना टाच निसटते. शिलाईही बघा: करंगळीच्या बाजूला दुहेरी किंवा तिहेरी हवी, कारण ऑलीत पाय तिथेच घासत वर जातो.

बदलून आलेली जोडी अंगठ्यापुढे बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जागा ठेवून बसते. डाव्या बुटावर करंगळीशी पहिली करडी रेघ उमटली आहे, शिलाई शाबूत आहे. नाडी मात्र काल तुटली. तीही त्याच जागी घासते, तेव्हा जोडीबरोबरच एक जादा नाडी घेऊन ठेवा.