तळ्याच्या पाळीवरचा कुसुम

माझा भाचा बोस्टनला असतो. ऑक्टोबरात आमच्याकडे दिवेलागणीची वेळ असताना त्याने व्हिडिओ कॉल केला आणि तिकडच्या सकाळच्या उन्हातला एक मेपल दाखवला. हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये, म्हणजे १८७२ साली स्थापन झालेल्या २८१ एकरांच्या वृक्षसंग्रहात, तो फिरत होता. तिथे प्रत्येक झाडाला नाव आणि नोंदक्रमांक कोरलेली चकती अडकवलेली असते. हा मेपल शेंड्यापर्यंत लालभडक झाला होता. माझ्या खांद्यावरून डोकावत शेजारच्या आजींनी विचारले, "काय बाप्पा, वाळून राह्यलं काय थे झाड?"

आजी फारशा चुकल्या नव्हत्या. दिवस आखडले आणि थंडी वाढली की तिकडचे झाड पानांतला नत्रासारखा ऐवज फांद्यांत ओढून घेते. हिरवे द्रव्य मोडते आणि त्याखाली आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र आधी नसतो. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार रात्री लाभल्या, तर पानातल्या साखरेपासून तो त्या शेवटच्या दिवसांत नव्याने तयार होतो. गळायला निघालेल्या पानाने हा खर्च का करावा, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. मला तर ती चक्क उधळपट्टी वाटते.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातली पानझड थंडीची नव्हे, तहानेची. जमिनीतली ओल उतरू लागली की पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचवण्यासाठी झाड पानेच टाकून देते. सागाचे सुपाएवढे वाळके पान रात्री अंगणात पडले, तर कोणी आले की काय म्हणून माणूस उठून बसतो. रंगाच्या नावाने सगळा मातकट कारभार. त्यात मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि ती आग पुढे जंगलात शिरते, ही खोड काही जात नाही.

आणि अशा उघड्याबोडक्या मार्चमध्ये तळ्याच्या पाळीवरचा कुसुम, ज्याला इतरत्र कोशिंब म्हणतात, लाल होतो. लांबून फुलेच वाटावीत, पण ती असते पालवी. मेपलच्या पानात जे लाल द्रव्य उतरते, त्याच जातीचे द्रव्य या कोवळ्या पानात असते आणि हिरवेपणा पुरता भरेपर्यंत ते त्याला कडक उन्हापासून सांभाळते. तिकडचे पान जाताना लाल होते, आमचे येताना.

यंदा मीच भाच्याला पाळीवरून फोन लावला. त्याच्याकडची झाडे अजून निष्पर्ण होती. "मामा, तुमच्याकडे आत्ता पानगळ?" त्याने विचारले. मी फोन आजींच्या हाती दिला. "कवळी पालवी हाये पोरा थे," असे म्हणत त्यांनी फांदी नीट दिसावी म्हणून फोन उंच धरला. पुढची दोन मिनिटे आपल्याला त्यांच्या पदराशिवाय काहीच दिसले नाही, असे भाच्याने नंतर कळवले.