तळमजल्याचे दार

पणजीच्या हॉटेल मांडवीत आमच्या घरातले कोणी कधी मुक्कामाला राहिले नाही. फोंड्याहून आलेला माणूस कामे उरकून संध्याकाळच्या बसने परत जाई. त्याला खोली हवीच कशाला? तरीही १९५२ साली, सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाच्या निमित्ताने नदीकाठी उभे राहिलेले ते हॉटेल आम्हाला आपले वाटे, ते तिथल्या केक-पेस्ट्रीच्या दुकानामुळे. आजोबा तिथून पुठ्ठ्याचे खोके आणत, सुतळीची गाठ सोडवीत, आणि झाकणाला आतून लागलेले क्रीम बोटाने पुसून घेण्यासाठी आम्हा भावंडांची झोंबाझोंबी होई.

म्हणूनच एखाद्या जुन्या, भव्य हॉटेलाचे उंची बाजारकेंद्र झाले असे ऐकले की मी लगेच हळहळत नाही. हॉटेल गावाला ठाऊक असते ते तळमजल्यापुरतेच. पॅरिसमध्ये पेरेर बंधूंनी १८५५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लुव्र राजवाड्यासमोर ७०० खोल्यांचे हॉटेल बांधले, तेव्हा खालचे गाळे सुरुवातीपासूनच दुकानांसाठी ठेवले होते. त्याच वर्षी तिथे थाटलेले कापडचोपड आणि फॅशनच्या वस्तूंचे दुकान एकेक गाळा गिळत इतके वाढले की भाडेकरूनेच पुढे इमारत विकत घेतली आणि १८८७ साली हॉटेलाला चौकापलीकडे बिऱ्हाड हलवावे लागले. १९७८ मध्ये त्याच वास्तूत जुन्या वस्तूंच्या विक्रेत्यांचा बाजार भरला. वास्तू मात्र त्याच जागी, त्याच कमानींसह उभी राहिली.

खरी कसोटी वरच्या मजल्यांची असते. रुंद जिना, उंच छत, काचेखालचा चौक हे सारे दुकानांना आयतेच लाभते. पण लहान लहान खोल्या दुकानांच्या कामाच्या नसतात, आणि तिथेच पहार चालते. मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलची गोष्ट उलटी आहे. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून इथे आणून जोडला होता, त्यामुळे इमारतीचा भार भिंतींवर नव्हता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे याच हॉटेलात दाखवली गेली. हॉटेल बंद पडल्यावर मात्र, भिंती हव्या तिथे घालता येत असल्यामुळे, आत कचेऱ्यांची खुराडी झाली, सर्वांची मिळून म्हणावी अशी काळजी कोणी घेतली नाही, आणि २००५ साली त्याचा काही भाग कोसळला. असे खंगत जाण्यापेक्षा एखाद्या जबाबदार हाताखाली तिथे बाजार भरला असता तर मला मनापासून आनंद झाला असता. आपल्या पणजीत जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीला चित्रपट महोत्सवामुळे नवे काम मिळालेच ना!

माझा आग्रह एवढाच आहे की दार अडवू नये. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात, हॉटेलाच्या अशाच एका बाजारकेंद्राच्या दाराशी रखवालदाराने माझ्या आईची कापडी पिशवी न्याहाळली आणि काय घ्यायचे आहे असे विचारले. तो प्रश्न त्याने आमच्यापुढच्या कोणालाही विचारला नव्हता. आई म्हणाली, "जिना बघायचा आहे." आत तिने काहीच घेतले नाही. जिन्याच्या गुळगुळीत लाकडी कठड्यावर हात ठेवून ती सावकाश दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली, आणि उतरतानाही तो हात तिने उचलला नाही.