आठ डोकी की साडेसात?

माणसाचं चित्र काढायला शिकायचं म्हणून पहिलं पुस्तक मी कव्हर बघून घेतलं. आत नुसते स्नायू आणि त्यांची लॅटिन नावं. महिनाभर पाठ केली, पण कागदावरचा माणूस ताठच्या ताठ.

मग नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांत अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकाराचं आकृतिचित्रणाचं पुस्तक सापडलं, १९४३ चं. डोक्याच्या मापाने शरीर मोजायला मी त्यातच शिकले. आदर्श आकृती आठ डोकी उंच, खरा माणूस साडेसातच्या आसपास. सुरुवातीला हेच घ्या, असं मी मनापासून सांगेन. मात्र त्यातली माणसं अमेरिकन जाहिरातीतली, लांब पायांची. गोकुळपेठच्या बाजारात मांडी घालून बसलेली भाजीवाली मावशी त्यात नाही. तिचं लुगडं गुडघ्यावर ताणलं जातं आणि तिथून घड्या पंख्यासारख्या पसरतात. त्या घड्यांवरून आतला गुडघा शोधायचा! मी तिच्यासमोर चार रविवार बसले, तेव्हा कुठे तो सापडला.

शरीररचना शिकवणाऱ्या जॉर्ज ब्रिजमन या चित्रकाराचं पुस्तक नंतर घ्या. शरीराचे ठोकळे एकमेकांत कसे अडकतात ते त्याच्यासारखं कुणी दाखवत नाही, पण रेषा इतक्या दाट की नवख्याला उलगडत नाहीत.

आता दुकानात गेले की मी आधी हाताच्या पंजाचं पान उघडते. पंजा साध्या आकारांतून टप्प्याटप्प्याने बांधून दाखवला असेल, तरच पुढची पानं चाळते. एकदम तयार, गुळगुळीत पंजा दिसला की पुस्तक परत फळीवर.