१२ व्होल्टची व्हॅन, १८ व्होल्टची हत्यारं: मैदान, खिंड आणि जंगलातल्या मुक्कामातलं विजेचं गणित

मार्ग तीन तऱ्हांचा होता. आधी मैदानातला लांबलचक महामार्ग, मग पारा शून्याखाली उतरणारी उंच खिंड, आणि खिंड उतरल्यावर दाट झाडीतला मुक्काम. व्हॅनमध्ये १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (गाडी चालू असताना इंजिनाच्या विजेवर ही बॅटरी भरणारा), छतावर १०० वॅटची तीन पॅनेलं आणि १००० वॅटचा प्युअर साइन (घरच्या विजेसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर. कॉर्डलेस हत्यारं सगळी १८ व्होल्टची: ड्रिल, इम्पॅक्ट रेंच, लहान ग्राइंडर आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप. अशाच मार्गाने जाणाऱ्यांनी निघण्याआधी काय ठरवावं आणि कुठल्या टप्प्यावर काय बिघडतं, ते पुढे दिलं आहे.

निघण्याआधी: १२ की २४?

२४ व्होल्ट घेतले म्हणून साठा वाढत नाही. १२.८ व्होल्ट गुणिले २०० अँपिअर-तास म्हणजे २५६० वॅट-तास, २५.६ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर-तास म्हणजेही तेवढेच. फरक पडतो तो करंटमध्ये. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला ९० टक्के कार्यक्षमता धरून १२.८ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ८७ अँपिअर ओढतो, २००० वॅटचा १७४ आणि ३००० वॅटचा २६०. वायरीत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून व्होल्टेज दुप्पट केलं की त्याच वायरीतला तोटा चौथाईवर येतो.

आमचं मत स्पष्ट आहे: सर्वांत मोठा भार २००० वॅटच्या आत असेल तर १२ व्होल्टच ठेवा. दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज, पंखा हे सगळं १२ व्होल्टमध्ये सहज मिळतं आणि गाडीची स्वतःची यंत्रणाही १२ व्होल्टचीच असते. इंडक्शन शेगडी किंवा एसी चालवायचा असेल आणि त्यासाठी ३००० वॅटचा इन्व्हर्टर लागणार असेल, तर मात्र २४. त्यात एक चूक हमखास होते. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये (एकीचं पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला) जोडतात आणि दिव्यांसाठी मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढून घेतात. मग एक बॅटरी जास्त रिकामी होते, चार्जिंगला दुसरी आधी भरते, तिचा बीएमएस (बॅटरी जपणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) जोडणी तोडतो आणि सगळी व्हॅन अंधारात. २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर बसवा. सीरिजमध्ये जोडण्याआधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून घ्या.

हत्यारांच्या बाबतीत लेबलवरच्या आकड्याला भुलू नका. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये, म्हणजे हत्याराच्या काढता येणाऱ्या बॅटरीत, ३.६ व्होल्टचे पाच सेल सीरिजमध्ये असतात. ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेल्या पॅकमध्येही पाचच. तो आकडा भरलेल्या सेलचा, एवढंच. ३६ आणि ‘४० मॅक्स’ दोन्हींत दहा सेल, १०.८ आणि ‘१२ मॅक्स’ दोन्हींत तीन. खरा प्रश्न असतो तो पॅक कुठल्या हत्याराला बसतो याचा. मकिताचा ४० व्होल्टचा पॅक त्यांच्याच १८ व्होल्टच्या हत्यारांना बसत नाही, पण १८ चे दोन पॅक लावून चालणारी ३६ व्होल्टची हत्यारं त्यांच्याकडे आहेत. डीवॉल्टच्या फ्लेक्सव्होल्ट पॅकमध्ये सेलच्या ओळी हत्यार बघून जोडल्या जातात: ६० व्होल्टच्या यंत्रात सगळ्या सीरिजमध्ये, २० व्होल्टच्या यंत्रात पॅरलल (सगळी पॉझिटिव्ह एकत्र, सगळी निगेटिव्ह एकत्र). व्हॅनमध्ये जागा मोजकी असते. एकच कंपनी, एकच व्होल्टेज, एकच चार्जर.

अँपिअर-तासांकडे मात्र नीट बघा. २ अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये पाच सेलची एकच ओळ असते. ५ अँपिअर-तासांच्या नेहमीच्या पॅकमध्ये पाचाच्या दोन. ग्राइंडर ७०० वॅट घेत असेल तर करंट जवळपास ३९ अँपिअर. लहान पॅकमध्ये तो सगळा प्रत्येक सेलमधून जातो, मोठ्यात निम्मा. म्हणूनच लहान पॅकवर ग्राइंडर दम तोडतो, पॅक तापतो आणि लवकर म्हातारा होतो. ड्रिलला लहान पॅक, ग्राइंडर आणि इम्पॅक्ट रेंचला मोठा.

महामार्ग: इंजिन चालू असताना

नव्या गाड्यांचे स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम खाली आणतात, त्यामुळे थेट रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून लिथियम बॅटरी धड भरत नाही. उलट बाजूने, जुन्या अल्टरनेटरला रिकामी लिथियम बॅटरी थेट जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि इंजिन आयडलला असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो. दोन्हींवर उपाय एकच, डीसी-टू-डीसी चार्जर.

या टप्प्यावर सर्वांत जास्त घोळ वायरीमुळे होतो. ३० अँपिअर बाहेर देणारा चार्जर आत ३७ अँपिअरच्या आसपास घेतो. गाडीची बॅटरी पुढे, चार्जर मागे, मध्ये पाच मीटर. जाऊन येऊन दहा. १ चौरस मिलिमीटरच्या मीटरभर तांब्याच्या वायरीचा रोध ०.०१७५ ओहम धरला तर १० चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.६५ व्होल्ट पडतात, १६ च्या वायरीत ०.४० आणि २५ च्या वायरीत ०.२६. अल्टरनेटरने व्होल्टेज १२.६ वर आणलं, की बारीक वायरीच्या टोकाला चार्जरला ११.९५ दिसतात. त्याला वाटतं इंजिन बंद आहे, आणि तो चार्जिंग थांबवतो. करंट थांबला की व्होल्टेज पुन्हा चढतं, चार्जर पुन्हा सुरू होतो. दिवसभर हा चालू-बंदचा खेळ चालतो आणि संध्याकाळी बॅटरी अर्धीच. अशा वेळी चार्जर बदलायला धावू नका. मल्टीमीटर लावून चार्जरच्या इनपुटला आणि गाडीच्या बॅटरीवर, दोन्हीकडे चार्जिंग चालू असतानाच व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर दोष वायरीचा, लगच्या (वायरीच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कड्याच्या) क्रिंपचा, म्हणजे दाबून केलेल्या जोडाचा, किंवा अर्थच्या बोल्टखाली राहिलेल्या रंगाचा.

लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबा. सोल्डर केलेली जाड वायर सोल्डर संपतं तिथे ताठ होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. पहिल्या दिवसाच्या प्रवासानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून बघा.

हत्यारांचे पॅक चार्ज करायची वेळ हीच. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. इन्व्हर्टर आणि चार्जरचा तोटा धरला तर व्हॅनमधल्या मोठ्या बॅटरीतून १२० वॅट-तास, म्हणजे नऊ-दहा अँपिअर-तास जातात. हत्यारांच्या कंपनीचा १२ व्होल्टवर चालणारा चार्जर मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर चार्जिंग संपल्यावर इन्व्हर्टर आठवणीने बंद करा: नुसता चालू राहिलेला इन्व्हर्टर १० वॅट घेत असेल तर दिवसाला २४० वॅट-तास गेले, म्हणजे दोन पॅकची वीज. मॉडिफाइड साइन इन्व्हर्टरवर काही चार्जर तापतात आणि जळतातही, तो टाळाच.

खिंड: शून्याखाली

शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी वापरता येते, चार्ज करता येत नाही. थंडीत लिथियम आयन ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन बसतो. ते नुकसान भरून येत नाही. धोका रात्री नसतो, सकाळी असतो. बॅटरी गारठलेली, ऊन पॅनेलवर पडलेलं, आणि सोलर कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत भरणारा) इमाने-इतबारे चार्जिंग सुरू करतो. बीएमएसमध्ये थंडीचा कटऑफ आहे की नाही, हे विकत घेतानाच विचारा. नसेल तर तापमानाचा सेन्सर लागणारा कंट्रोलर घ्या, आणि डीसी-टू-डीसी चार्जरच्या चालू-बंद करणाऱ्या रिमोट तारेत एक स्विच बसवा. बॅटरी चेसिसखाली टांगण्यापेक्षा आत, सीटखाली ठेवा. हत्यारांचे चार्जरही गार पॅक नाकारतात. तासभर केबिनमध्ये राहू द्या. हीटरच्या तोंडाशी धरू नका.

पॅनेलचं व्होल्टेज थंडीत वाढतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एका पॅनेलचं ओपन सर्किट (काहीही न जोडलेलं असतानाचं) व्होल्टेज २२ असेल तर सीरिजमध्ये तिन्हींचं ६६. ते २५ अंशांवरचं. उणे १० अंशांवर, दर अंशाला ०.३ टक्के धरले, तर जवळपास ७३ होतात. ७५ व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर इथे काठावर आला. १०० व्होल्टचा घ्या.

डिझेल हीटर सुरू होताना त्याचा ग्लो प्लग (तापून डिझेल पेटवणारा भाग) काही मिनिटं ८ ते १० अँपिअर घेतो. लांब, बारीक वायरीवर तेवढ्यात व्होल्टेज पडून हीटर ‘लो व्होल्टेज’ दाखवत बंद होतो आणि माणूस बॅटरीला दोष देतो. शिवाय चालू हीटरची मेन सप्लाय कधीही तोडू नका. पंख्याने आतली उष्णता बाहेर काढेपर्यंत थांबा.

झाडीतला मुक्काम

झाडीत तिन्ही पॅनेलं सीरिजमध्ये असण्यापेक्षा पॅरलल बरी. एकावर सावली पडली तरी बाकीची आपलं काम करतात. तीन पॅनेलं पॅरलल जोडलीत तर प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज हवा, कारण एकात शॉर्ट झाला तर उरलेल्या दोघांचा करंट त्याच्यात घुसतो.

इथे ऊन कमी आणि खर्च जास्त, त्यामुळे बॅटरीत किती उरलं आहे हे नेमकं कळायला हवं. लेड-अ‍ॅसिडवर व्होल्टमीटर चालतो: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. लिथियम आयर्न फॉस्फेट बराच काळ १३.२ ते १३.३ वरच रेंगाळते आणि शेवटी एकदम कोसळते. निगेटिव्हवर शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा भाग) लावा, आणि एकही निगेटिव्ह वायर शंट टाळून थेट बॅटरीला जोडू नका, नाहीतर मोजमापच खोटं.

बीएमएस १०० अँपिअरचा आणि इन्व्हर्टर १५०० वॅटचा असेल तर पूर्ण भाराला १३० अँपिअर लागतात आणि बॅटरी स्वतःच बंद होते. १००० वॅटला ८७ लागतात, ते बसतं. त्या लाइनला १२५ अँपिअरचा क्लास टी (प्रचंड करंटही खात्रीने तोडणारा) फ्यूज आणि ३५ चौरस मिलिमीटरची आखूड केबल; फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला होईल तितका जवळ. शॉर्ट झाल्यावर लिथियम बॅटरी हजारो अँपिअर देते, आणि साधा फ्यूज वितळला तरी आतल्या ठिणगीतून करंट वाहत राहू शकतो.

बॅटरी पूर्ण रिकामी होऊन बीएमएसने तोडली की मल्टीमीटरवर शून्य दिसतं. बॅटरी मेली असं समजू नका. आधी सगळे भार बंद करा, मग लिथियम जागी करण्याची सोय असलेला चार्जर लावा. साधा चार्जर शून्य व्होल्ट बघून सुरूच होत नाही.

अडचणीच्या वेळी हत्याराच्या पॅकवर ॲडॉप्टर बसवून १२ व्होल्टचे दिवे चालवायचा मोह होतो. अनेक कंपन्यांच्या पॅकमध्ये व्होल्टेज कमी झाल्यावर तोडणारं सर्किट नसतं, ते हत्यारात असतं. ॲडॉप्टर पॅकला तळापर्यंत पिळतो आणि नंतर चार्जर तो पॅक घेत नाही. कटऑफ असलेला ॲडॉप्टर असेल तरच वापरा.

चाकाचे नट इम्पॅक्ट रेंचने सोडवा, बसवताना हाताने चढवा आणि शेवटचा आवळ टॉर्क रेंचनेच द्या. क्लास टीचा एक जादा फ्यूज, चार-पाच लग आणि मीटरभर केबल गाडीत असू द्या.

पुढचा प्रवास विमानाने असेल तर पॅक हँडबॅगेतच न्यावे लागतात. १०० वॅट-तासांपर्यंत चालतं, म्हणजे ५ अँपिअर-तासांचा ९० चा पॅक बसतो. ६ अँपिअर-तासांचा १०८ चा होतो आणि त्याला विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. १६० च्या वरचा पॅक नेताच येत नाही.

व्हॅन महिनाभर उभी राहणार असेल तर व्हॅनमधली मोठी बॅटरी निम्म्यावर आणून मेन स्विच बंद करा, सोलरचाही. हत्यारांचे पॅक त्यांच्यावरचे चार्ज दाखवणारे दोन दिवे लागतील एवढे भरलेले ठेवून घरात आणा. उन्हात बंद गाडीत भरलेला पॅक सर्वांत लवकर खराब होतो.